तांडेलाचा नकार

मराठी माणसाचे समुद्राशी असलेले नाते पूर्वापार काठावरचे आहे. किनारपट्टीतील दर्यावर्दी जमाती सोडल्या, तर उरलेल्या महाराष्ट्राने समुद्र पाहिला तो बहुधा वाळूत उभे राहून, घोट्याएवढ्या पाण्यात आणि कपड्यांचे काठ सावरीत. गेल्या पंधरा-वीस वर्षांत मात्र या नात्यात मोठा पालट झाला आहे. पुणे, कोल्हापूर, नाशिक येथील कुटुंबे, कचेऱ्यांतील सहकारी, महाविद्यालयीन मुलामुलींचे गट आता मालवणला उतरतात. सकाळी यांत्रिक होडीत बसून सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकाळ पाण्यात जातात. डोळ्यांवर काचेचा मुखवटा चढवून आणि तोंडात श्वासनळी धरून पाण्यावर पालथे तरंगतात व खालचे प्रवाळ पाहतात. दुपारी कर्लीच्या खाडीत कयाक वल्हवतात आणि संध्याकाळी भाजलेल्या खांद्यांनी मुक्कामी परततात. एका दिवसाची ही सागरी सहल आता मध्यमवर्गाच्या सुटीचा नेहमीचा भाग बनली आहे.

या बदलाचे स्वागतच करावयास हवे. काठावरून दिसणारा समुद्र आणि मुखवट्याच्या काचेतून दिसणारा समुद्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याने आपल्या हाताच्या अंतरावर माशांचा थवा वळताना पाहिला, तो समुद्राला केवळ निळी पार्श्वभूमी समजण्याची शक्यता कमी. शिवाय मासेमारीवर गुजराण करणाऱ्या अनेक कुटुंबांना या सहलींनी दुसरा आधार दिला आहे. तेव्हा या सहली असाव्यात की नसाव्यात, हा वादाचा विषय नाही. वादाचा विषय हा की, एखाद्या दिवशी, एखाद्या वेळी, एखाद्या संख्येला 'आज नाही' असे सांगण्याचा अधिकार कोणाला आहे, आणि तो अधिकार त्याला प्रत्यक्षात वापरता येतो काय? माणसांची सुरक्षितता व प्रवाळांचे जतन हे दोन निरनिराळे प्रश्न म्हणून आपल्याकडे मांडले जातात. वस्तुतः दोन्हींचे उत्तर होडीच्या सुकाणूवर बसलेल्या तांडेलाच्या नकारात दडलेले आहे.

पाण्याखालची वस्ती

मालवणच्या समोर कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ साली सिंधुदुर्गाच्या उभारणीस प्रारंभ केला. त्या तटाने साडेतीन शतके लाटा झेलल्या. त्याच्या पायथ्याशी, पाण्याखाली, दुसरीही एक बांधकाम करणारी जमात नांदते आहे, याची शास्त्रीय दखल मात्र फार उशिरा घेतली गेली. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील डॉ. एस. झेड. कासिम व डॉ. एम. व्ही. एम. वाफर यांनी १९७९ साली पश्चिम किनाऱ्यावर अनेक ठिकाणी जिवंत प्रवाळ असल्याची नोंद प्रसिद्ध केली. त्यापूर्वी भारतातील प्रवाळ म्हटले की लक्षद्वीप, अंदमान, मन्नारचे आखात आणि कच्छचे आखात एवढीच नावे डोळ्यांसमोर येत. पुढे १९८७ साली मालवणचे सागरी अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. त्यातील गाभ्याचा भाग जेमतेम तीन चौरस किलोमीटरांचा, आणि सिंधुदुर्ग व पद्मगड यांचा परिसर नेमका त्या गाभ्यात येतो. म्हणजे सहलीच्या होड्यांची रोजची गर्दी होते ती अभयारण्याच्या एखाद्या कोपऱ्यात नव्हे, तर थेट त्याच्या देवघरात.

अंगठीतले लाल पोवळे मनात धरून पाण्यात उतरणाऱ्याची येथे निराशा होते. दागिन्यांतील पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातून येई. मालवणचे प्रवाळ पिवळट, हिरवट, तपकिरी, प्रथमदर्शनी शेवाळलेल्या दगडासारखे दिसणारे. हे 'दगडासारखे' दिसणेच त्यांच्या मुळावर येते, कारण दमलेला माणूस दगड दिसला की त्यावर पाय टेकतो. वास्तविक तो दगड म्हणजे असंख्य सूक्ष्म जीवांची वसाहत असते. प्रत्येक जीव चुन्याचा सांगाडा रचतो, आणि त्याच्या ऊतींमध्ये वस्ती करणारी एकपेशीय शैवले सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्याला पोसतात. प्रवाळाला रंग येतो तो या भाडेकरूंमुळे. नेहमीच्या उन्हाळ्यातील कमाल तापमानापेक्षा पाणी केवळ एका अंशाने अधिक तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तरी हा संसार मोडतो. शैवले बाहेर पडतात, प्रवाळ पांढराफटक होतो आणि उपासमार लांबली तर मरतो. जगभर अशा विरंजनाच्या मोठ्या लाटा १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ या काळात येऊन गेल्या. चौथी लाट सुरू असल्याचे शास्त्रज्ञांनी एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केले.

तापणाऱ्या समुद्रावर मालवणच्या तांडेलाचा किंवा पुण्याच्या पर्यटकाचा काही इलाज नाही, हे मान्य. पण ज्या रोग्याला आधीच ज्वर आहे त्याच्या अंगावर आपण उभे तरी राहू नये, एवढे निश्चितच आपल्या हाती आहे. पिंडाकार प्रवाळ वर्षाकाठी काही मिलिमीटर, फार तर एखाद-दुसरा सेंटिमीटर वाढतो. टोपलीएवढी वसाहत घडण्यास माणसाचे निम्मे आयुष्य लागते. नांगराची साखळी ती एका झटक्यात फोडते आणि रबरी पादत्राणाचा एक आघात तिच्यावर बरी न होणारी जखम करून जातो. त्यातही कोकणातील प्रवाळ काही सुखवस्तू नव्हेत. दर पावसाळ्यात नद्यांचे गोडे, गढूळ पाणी त्यांच्यावर येते. ते सोसूनच ते येथे टिकले आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली त्यांचा समावेश झाला. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने मालवणचा प्रवाळ वाघाच्या पंक्तीला बसतो. वाघाच्या पाठीवर उभे राहून छायाचित्र काढण्याची कल्पना कोणी करणार नाही. प्रवाळाच्या बाबतीत मात्र ती सहज होते.

भरतीचे घड्याळ आणि आपले

सहलीची आखणी करणारा शहरातला माणूस घड्याळाने चालतो. सकाळी दहाला धक्क्यावर, साडेदहाला प्रवाळ, एक वाजता जेवण, दोन वाजता कयाक, असे त्याचे वेळापत्रक असते आणि ते महिनाभर आधी ठरलेले असते. समुद्राचे वेळापत्रक मात्र चंद्राने ठरवलेले असते. कोकणातल्या जुन्या माणसांचा या बाबतीत एक सोपा हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करावी, पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास भरती व बाराच्या सुमारास ओहोटी. चतुर्थीला भरती तीनला, म्हणजे ओहोटीचा तळ सकाळी नऊला. द्वादशीला भरती सकाळी नऊला आणि त्यानंतर तिसऱ्या प्रहरापर्यंत पाणी सतत बाहेर ओढले जाणार. हा हिशेब ढोबळ आहे. छापील भरती-कोष्टके अधिक अचूक असतात. पण छापील कोष्टक न पाहता निघालेल्या सहलीपेक्षा तिथी जाणणारा निरक्षर खलाशी समुद्राविषयी अधिक सुशिक्षित म्हटला पाहिजे.

या हिशेबाचा सहलीशी काय संबंध? चतुर्थीला दहाच्या ठोक्याला होडी प्रवाळांवर नेली, तर उधाणाचे दिवस नुकतेच सरलेले असल्याने पाणी बरेच उतरलेले असते. अशा उथळ पाण्यात नवख्याचे पाय हमखास प्रवाळाला लागणार. ओहोटीच्या भरात खाड्यांचे गढूळ पाणी बाहेर येते. मग काचेतून धुक्याखेरीज काही दिसत नाही, आणि 'दिसत नाही' म्हणून माणसे अधिक खाली, अधिक जवळ जाऊ पाहतात. द्वादशीला भर दुपारी देवबागच्या संगमाजवळ कयाक सोडली, तर कर्लीचे ओसरणारे पाणी तिला समुद्राकडे नेणार. सकाळच्या प्रहरी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. किनाऱ्याजवळचे पाणी तेव्हा आरशासारखे दिसते. पण तोच वारा हलक्या कयाकला नकळत बाहेर ढकलीत असतो. दुपारनंतर वारा फिरतो, लाटा उठतात, आणि ज्याने जाताना सहज अंतर कापले त्याला येताना हातांची ताकद अपुरी पडते.

कयाक ही मुळात ध्रुवीय प्रदेशातील इन्युइट शिकाऱ्यांची नौका. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती घडवीत, तीही वापरणाऱ्याच्या अंगाच्या मापाने. आणि ती वल्हविण्याचे शिक्षण बालपणापासून चाले. तिच्या प्लॅस्टिकच्या वंशजात आपण तीन मिनिटांच्या सूचनेनंतर दोन अनोळखी माणसे बसवितो. कांदळवनातल्या संथ पाण्यात, जाणत्याच्या सोबतीने, हे चालून जाते आणि त्यासारखा आनंदही नाही. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला स्वतः वल्हे मारून पर्यटकांना कांदळवन दाखवितात. तेथे यंत्राचा आवाज नाही, घाई नाही, आणि पाणी कोणत्या वळणावर कसे वागते हे वल्हे धरणाऱ्या हाताला ठाऊक आहे. सहल म्हणून ती कोणत्याही प्रकारे उणी ठरत नाही. उलट आपण येथे पाहुणे आहोत याची जाणीव तेथे आपोआप होते.

दुर्घटनांचे समान सूत्र

गेल्या काही वर्षांतील नौकादुर्घटना एकापुढे एक मांडून पाहाव्यात. २४ मे २०२२ रोजी, पाऊस उंबरठ्यावर असताना, तारकर्लीजवळ स्कूबा डायव्हिंग आटोपून वीस पर्यटकांना घेऊन परतणारी होडी उलटली आणि दोघे मृत्युमुखी पडले. ७ मे २०२३ रोजी केरळात तानूर येथे क्षमतेहून अधिक माणसे घेतलेली पर्यटक नौका बुडून बावीस जणांचा अंत झाला. ती मासेमारी नौकेत फेरबदल करून तयार केलेली होती. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात शाळेची सहल नेणारी होडी उलटून बारा विद्यार्थी व दोन शिक्षिका बुडाल्या. तेथेही माणसे क्षमतेपेक्षा बरीच अधिक होती. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या प्रवासी नौकेवर मुंबई बंदरात नौदलाची वेगवान नौका आदळली आणि पंधरा जणांचे प्राण गेले. ही टक्कर होती, तिचे कारण वेगळे होते. परंतु त्या प्रवासी नौकेतही परवान्यापेक्षा अधिक लोक होते, आणि अशा वेळी एकेक जादा माणूस बचावाचे काम कठीण करून ठेवतो. २५ डिसेंबर २०२४ रोजी, नाताळच्या गर्दीत, गोव्यात कळंगुटच्या समुद्रात पर्यटकांची होडी उलटून एक जण दगावला.

समुद्र, खाडी, तलाव ही स्थळे वेगळी आणि कारणेही पूर्णपणे सारखी नाहीत. तरी एक सूत्र वारंवार डोके वर काढते. होडी सुटण्यापूर्वी असा एक क्षण असतो, की जेव्हा कोणीतरी 'इतकी माणसे नकोत', 'आज वारा बरा नाही', 'जाकीट घातल्याखेरीज यंत्र सुरू करणार नाही' असे म्हणू शकले असते. ते म्हटले गेले नाही, किंवा म्हटले गेले तरी ऐकले गेले नाही. नियम नव्हते असे नाही. क्षमता ठरवून दिलेली असते, परवाने असतात, महाराष्ट्रात सागरी मंडळ आहे. दर दुर्घटनेनंतर तपासणीची मोहीम निघते, जीवरक्षक जाकिटांची सक्ती नव्याने जाहीर होते, आणि काही आठवड्यांनी जाकिटे पुन्हा बाकाखाली जातात. कारण नियम करणारा मुंबईत असतो, तपासणारा महिन्यातून एकदा येतो. आणि रोज सकाळी धक्क्यावर, त्या क्षणी, हजर असणारा अधिकारी एकच असतो : तांडेल.

नकाराची किंमत

मग तांडेल नकार का देत नाही? त्याला कळत नाही म्हणून नव्हे. वाऱ्याची दिशा, पाण्याचा रंग, दूरवर फुटणारी लाट या गोष्टी त्याला तुमच्या-आमच्यापेक्षा कितीतरी आधी दिसतात. तो नकार देत नाही, कारण नकार त्याला परवडत नाही. सहलीची नोंदणी शहरातल्या कोणा मध्यस्थाने केलेली असते, निवासाच्या मालकाने आपली अडत कापून घेतलेली असते, होडीवर कर्ज असते, इंधनाचा खर्च डोईजड असतो आणि उत्पन्न माणशी मोजले जाते. बाराऐवजी सोळा बसले तर चार माणसांचे पैसे हा त्याचा त्या दिवशीचा नफा असतो. शिवाय त्याने 'नाही' म्हटले, तर शेजारची होडी 'हो' म्हणावयास तयारच असते. अशा स्थितीत एकट्याचा नकार हा शहाणपणा न ठरता आत्मघात ठरतो.

दुसऱ्या बाजूस पर्यटक असतो. त्याने सहा महिने आधी रजा घेतलेली असते, चारशे किलोमीटरचा प्रवास केलेला असतो, मुलांना शब्द दिलेला असतो. गट मोठा असला की एक विचित्र धिटाई अंगात येते. एकट्याने जो माणूस खवळलेल्या पाण्याकडे पाहून मागे फिरला असता, तोच वीसजणांच्या घोळक्यात 'काही होत नाही' असे म्हणतो. 'आम्ही पैसे भरले आहेत' हे वाक्य अशा वेळी हमखास ऐकू येते. त्यामागची भावना समजण्याजोगी आहे. पण पैसे भरल्याने होडीतली जागा मिळते, भरतीची वेळ बदलत नाही.

प्रवाळांचे नुकसान होते तेही याच घाईपोटी. पुढची फेरी गाठावयाची म्हणून मिळेल तेथे नांगर टाकला जातो. मासे लवकर जमावेत म्हणून काही ठिकाणी पावाचे तुकडे फेकले जातात. मग प्रवाळांवरचे शेवाळ खाऊन त्यांना मोकळा श्वास देणारे मासे पावाच्या मागे लागतात. पोहता न येणाऱ्याला धीर द्यावयास वाटाड्याला वेळ नसतो, म्हणून तो त्याला 'उभे राहा' असे सांगतो. आणि उभे राहावयाचे कशावर, तर प्रवाळावर. म्हणजे ज्या क्षणी होडीत चार माणसे जादा घेतली गेली, त्याच क्षणी माणसांचा धोका वाढला आणि प्रवाळांचाही. हे दोन प्रश्न एकच आहेत असे आरंभी म्हटले, ते या अर्थाने.

रापणीचा धडा

नकार परवडण्याजोगा कसा करावा, याचे उत्तर शोधण्यासाठी फार लांब जावयास नको. किनाऱ्यावरील परंपरेतच ते आहे. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्याखेरीज होडी समुद्रात लोटावयाची नाही, हा संकेत म्हणजे साऱ्या समाजाने मिळून समुद्राला दिलेला शब्द होय. पावसाळ्यात एखाद्या दिवशी पाणी शांत दिसले तरी कोणी जात नसे आणि म्हणून कोणाचे नुकसानही होत नसे. जो नकार सर्वांचा असतो, त्याची किंमत एकट्याला मोजावी लागत नाही. मालवणच्या किनाऱ्यावरील रापणीचेही तसेच. ते अवाढव्य जाळे ओढण्यास कित्येक हात लागतात. जे मिळेल त्याचे वाटे ठरलेले असतात. कोणी अधिक जोराने ओढला म्हणून त्याला सगळे मिळत नाही आणि एखादा दिवस रिकामा गेला तर तो सर्वांचा रिकामा जातो.

सागरी सहलींचा व्यवसाय याच तत्त्वावर बांधता येईल. माणशी मोजणी करण्याऐवजी फेऱ्यांची पाळी ठरवावी, सर्व होड्यांचे उत्पन्न एका ठिकाणी जमा व्हावे व वाट्याने विभागले जावे. ठरल्यापेक्षा एक माणूस अधिक घेण्यात मग कोणाचाच फायदा उरणार नाही. हवामानामुळे सहल रद्द झाली, तर पर्यटकाला पैसे परत किंवा दुसऱ्या दिवसाची पाळी मिळावी आणि तांडेलाला त्या दिवसाचा किमान वाटा सामाईक निधीतून मिळावा. 'आज नाही' या दोन शब्दांमागे असा निधी उभा राहिला, की ते शब्द उच्चारण्याचे धैर्य आपोआप येईल. प्रवाळांच्या जागी कायमचे बोये बसवून होड्या त्यांनाच बांधाव्यात, म्हणजे नांगर टाकण्याचा प्रश्नच राहणार नाही. आणि जितके बोये तितक्याच होड्या, हा संख्येचा नियम कागदावर न राहता पाण्यावर दिसेल.

यासाठी लागणारे मनुष्यबळ येथे आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाने व जागतिक पर्यावरण निधीने गेल्या दशकात सिंधुदुर्गच्या किनाऱ्यासाठी राबविलेल्या प्रकल्पात स्थानिक तरुणांना स्नॉर्केलिंगचे वाटाडे म्हणून शिक्षण मिळाले. पर्यटन महामंडळाची प्रशिक्षण संस्था तारकर्लीतच आहे. उणीव कौशल्याची नाही. कौशल्याला शेवटचा शब्द उच्चारता येईल अशा व्यवस्थेची आहे. १९८७ च्या अभयारण्याला मच्छीमारांनी दीर्घकाळ विरोध केला तो याच कारणाने. आपल्या पाण्याविषयीचे निर्णय आपल्याला न विचारता झाले, ही त्यांची तक्रार होती. सहलींचे नियमही जर तसेच वरून लादले गेले, तर तेही तसेच धुडकावले जातील.

दोन परकी उदाहरणे

बाहेरच्या जगाने या बाबतीत बरेच काही भोगून शिकून घेतले आहे. थायलंडमधील फी फी द्वीपसमूहातील माया उपसागरात एका चित्रपटामुळे लोकांची रीघ लागली. दिवसाला पाच हजारांच्या घरात माणसे येऊ लागली आणि होड्यांच्या नांगरांनी व वर्दळीने तेथील प्रवाळ उद्ध्वस्त झाले. जून २०१८ मध्ये तो उपसागर बंद करण्यात आला. जानेवारी २०२२ मध्ये तो पुन्हा खुला झाला तेव्हा होड्यांना समोरून आत येण्यास मनाई होती आणि माणसांच्या संख्येला मर्यादा होती. आता तो दरवर्षी काही काळ विश्रांतीसाठी बंदही ठेवला जातो. हवाई बेटांवरील हनौमा उपसागरात पाण्यात उतरण्यापूर्वी एक लहानसा माहितीपट पाहणे सक्तीचे आहे आणि आठवड्यातून ठरावीक दिवस उपसागराला सुटी असते. त्याच हवाई राज्याने प्रवाळांना अपायकारक ठरलेली द्रव्ये असलेल्या उन्हाच्या मलमांच्या विक्रीवर १ जानेवारी २०२१ पासून बंदी घातली. तेथील पर्यटन यामुळे बुडाले नाही.

मालवणच्या धक्क्यावर अशी दहा मिनिटांची शाळा भरविणे अवघड नाही. तोंडाने श्वास कसा घ्यावा, मुखवट्यात पाणी शिरले तर न घाबरता काय करावे, पाय का टेकू नयेत, हृदयविकार असलेल्याने पाण्यात उतरण्याचा मोह का टाळावा, एवढे सांगण्यास तेवढा वेळ पुरे. मलमापेक्षा अंगभर कपडा बरा, हेही त्यातच सांगता येईल.

आक्षेप आणि उत्तर

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, संख्येला मर्यादा घातली तर गरिबाच्या पोटावर पाय येईल. यांत्रिक मासेमारीच्या स्पर्धेत पारंपरिक मच्छीमार आधीच खचला आहे. त्याच्या हाती आलेला हा नवा घास काढून घेऊ नये. हा आक्षेप प्रामाणिक आहे. परंतु याच मच्छीमारांनी पर्ससीन जाळ्यांविरुद्ध वर्षानुवर्षे आवाज उठविला, तो कोणत्या मुद्द्यावर? समुद्रातून अमर्याद ओरबाडले तर उद्या कोणालाच काही उरणार नाही, या मुद्द्यावर. माशांना लागू असलेले हे सत्य प्रवाळांना लागू नाही, असे म्हणता येत नाही. प्रवाळ गेले की सहल गेली. पुण्याचा पर्यटक मग दुसरा किनारा शोधेल, मालवणच्या तांडेलाला मात्र दुसरा समुद्र नाही.

दुसरा आक्षेप असा की, संख्या घटली की दर वाढणार आणि प्रवाळ पाहणे ही श्रीमंतांची मिरास होणार. ही भीतीही अनाठायी नाही. यास्तव दर आठवड्यातील काही फेऱ्या अल्प दरात, आणि जिल्ह्यातील शाळांच्या मुलांसाठी मोफत ठेवाव्यात. किल्ल्याच्या तटावरून रोज समुद्र पाहणाऱ्या मालवणच्या मुलाने त्या समुद्राच्या आत काय आहे हे कधीच पाहू नये आणि मुंबईच्या मुलाने ते वर्षातून दोनदा पाहावे, हा न्याय नव्हे. उद्याचा तांडेल त्याच मुलांतून यावयाचा आहे.

सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. त्यानंतर कोकण रेल्वेचा मार्ग पूर्ण झाला, २०२१ साली चिपीचा विमानतळ सुरू झाला, आणि २०२५ च्या जुलैत सिंधुदुर्ग किल्ल्यासह बारा दुर्गांना जागतिक वारशाचा मान मिळाला. येणाऱ्यांची संख्या यापुढे वाढेल, अशीच चिन्हे आहेत. येणाऱ्याला रोखावे असे कोणी म्हणत नाही. मात्र वारशाचा मान तटाला मिळाला आणि त्याच्या पायथ्याची जिवंत वस्ती आपल्याच पायांखाली चिरडली गेली, असे होता कामा नये.

मर्यादा पाळण्याची सुरुवात शासनाच्या आदेशाची वाट न पाहता पर्यटकालाही करता येईल. सहल ठरविताना दराची चौकशी आपण करतोच. त्या जोडीला होडी किती माणसे नेते, हवा बिघडली तर पैसे परत मिळतात काय, नांगर कोठे टाकतात, हे तीन प्रश्न विचारावेत. जाकीट न मागता चढवावे. आणि धक्क्यावर पोहोचल्यावर तांडेलाने आकाशाकडे पाहून मान हलवली, तर हुज्जत न घालता त्याचे आभार मानावेत. किल्ला पाहावा, मालवणी जेवण जेवावे, पाण्याकडे काठावरून पाहावे. त्या दिवशी त्याने आपल्याला जे दिले ते कोणत्याही दरपत्रकात छापलेले नसते.